एरंडाचं गुऱ्हाळ
(१९८० च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावलं होतं की प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. सकाळपासून आपण हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल ऐकलं, बँकेतल्या बुडीत कर्जांबद्दल ऐकलं, द्राक्षबागेबद्दल ऐकलं. माझं सगळं आयुष्य वंगणात गेलं. मी फोनवर म्हटलं, "अरे, ग्रीजवर वीस मिनिटं बोललो तर जेवणाआधीच निम्मी माणसं बाहेर जातील." तर तो म्हणाला, "घाल तू तुझं एरंडाचं गुऱ्हाळ, आम्ही ऐकतो." तो अगदी अचूक बोलला होता, फक्त त्याला ते माहीत नव्हतं. कसं ते सांगतो.

आठवीत असताना बाईंनी प्रयोगशाळेत आपल्याकडून साबण करून घेतला होता. खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा. आमच्या गटाने सोडा अंदाजाने घातला. वडी तर जमली नाहीच, पण ती चोळून बघणाऱ्याच्या हाताची सालं निघाली. तो इथे बसलाय, नाव सांगत नाही. बाईंनी तेव्हा फळ्यावर लिहून दिलं होतं की तेलातलं आम्ल आणि अल्क एकत्र आले की साबण होतो, मग तो अंगाला लावायचा असो वा नसो. मी ते वहीत उतरवलं आणि विसरलो. पुढे माझं पोट त्याच एका ओळीवर भरलं, कारण ग्रीज म्हणजे साबणच. साबणात तेल धरून ठेवलेलं असतं, इतकंच.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ग्रीजमध्ये साबणाचे बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले दिसतात, सुतरफेणीसारखे. त्यांच्या मधल्या पोकळ्यांत तेल अडकून बसतं. वंगणाचं खरं काम तेल करतं. साबण ते नुसतं सांभाळतो, बेअरिंगमध्ये लागेल तसं थोडं थोडं सोडतो आणि बाकीचं गळून जाऊ देत नाही. वजनाने बघाल तर शंभरात ऐंशी-नव्वद भाग तेलच असतं. म्हणून मला कोणी विचारलं की ग्रीज चांगलं की वाईट, तर मी उलट विचारतो, साबण कसला?

हा साबण कोणत्या धातूचा, त्यावर सगळं ठरतं. आपल्या लहानपणी कुठल्याही वर्कशॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळे डबे असत. एक कॅल्शियमचं ग्रीज, ज्याला मिस्त्री लोक कप ग्रीज म्हणत. ते पाण्याला दाद देत नाही, म्हणून पंपाला ते. पण त्याच्या बांधणीतच थोडं पाणी असतं. तापमान ९०-१०० अंशांच्या घरात गेलं की ते पाणी उडून जातं आणि तेल एकीकडे, साबण एकीकडे. दुसरं सोडियमचं, धाग्याधाग्यांचं. ते उष्णता कॅल्शियमपेक्षा खूप जास्त सोसतं, म्हणून चाकांच्या बेअरिंगला ते. पण सोडियमचा साबण म्हणजे आपल्या अंघोळीच्या वडीचा सख्खा भाऊ, पाणी लागलं की धुऊन जाणार. पावसाळ्यात ओढा ओलांडून आलेल्या ट्रकचं काय होत असेल, बघा.

लिथियमने हे दोन डबे एक केले. आवर्तसारणीत सोडियमच्या बरोबर वर बसलेला, तिसऱ्या क्रमांकाचा, सगळ्यात हलका धातू. १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसन यांना तो एका खनिजात सापडला. दगडात सापडला म्हणून दगडाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं. त्यानंतर सव्वाशे वर्षं वंगणवाल्यांना त्याचा उपयोग सुचला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात विमानं उंचावर गेली की ग्रीज थंडीने गोठायचं, खाली उतरली की उन्हात वितळायचं. १९४२ मध्ये अमेरिकेत क्लॅरन्स अर्ल यांना लिथियम साबणाच्या ग्रीजची पेटंट मिळाली. कडाक्याच्या थंडीत मऊ राहणारं, साधारण १९० अंशांपर्यंत न वितळणारं आणि पाण्यात न धुपणारं असं ग्रीज प्रथमच एका डब्यात आलं. आज जगात बनणाऱ्या ग्रीजपैकी निम्म्याहून बरंच जास्त लिथियमचंच असतं. दुकानात ज्याला मल्टीपर्पज म्हणतात ते बहुतेक हेच.

आता एरंड. लिथियमला जोडीदार म्हणून साधं चरबीचं आम्ल चालतं, पण बांधणी तितकी पक्की होत नाही. उत्तम जमतं ते १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाशी. नाव लांबलचक आहे, पण माल ओळखीचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आजी नाक दाबून पाजायची ते एरंडेल. त्यात रिसिनोलिक नावाचं आम्ल जवळजवळ नव्वद टक्के असतं. बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही तेलात ते इतकं नसतं. एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की ते मेणासारखं घट्ट होतं आणि त्यातून हे आम्ल मिळतं. त्याच्या साखळीच्या मध्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते. तिच्यामुळे साबणाचे तंतू एकमेकांना धरून राहतात. जगातलं बहुतेक एरंडेल भारतातून जातं, त्यातही मुख्यतः गुजरातमधून. म्हणजे जपानमधल्या मोटारीच्या चाकात फिरणारं ग्रीज मेहसाण्याच्या शेतातून निघालेलं असू शकतं. आपल्याकडे एरंड बांधावर आपोआप उगवतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. ओसाड गावचा राजा म्हणून आपण त्याची टिंगल करतो.

आणि गुऱ्हाळ म्हणाल तर ग्रीजचा कारखाना आतून थेट गुऱ्हाळच. मोठी केटल, काहिलीसारखी. तिच्यात थोडं तेल आणि हे आम्ल वितळवायचं. लिथियम हायड्रॉक्साइड गरम पाण्यात विरघळवून हळूहळू सोडायचं. घाई केली की फेस केटलच्या काठावरून बाहेर. सगळं पाणी उडेपर्यंत ढवळायचं, मग दोनशे अंशांच्या आसपास न्यायचं. तिथे साबण तेलात पूर्ण विरघळतो आणि सगळं पातळ, पारदर्शक दिसतं. खरी कसोटी त्याच्यापुढे. उरलेलं तेल ओतत ते कसं आणि किती वेगाने थंड करायचं, यावर तंतू कसे बनतात ते ठरतं. तुमच्यातले ज्यांचे वडील गुळव्याचं काम करायचे त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. चट्टा आला की नाही, हे ते थर्मामीटर न बघता सांगायचे. आमच्याकडेही एक म्हातारे ऑपरेटर होते, ते ढवळणीच्या आवाजावरून सांगायचे. शेवटी ते मिलमधून काढायचं, म्हणजे ते लोण्यासारखं एकसारखं होतं. एरंडाच्या गुऱ्हाळातून काही निघत नाही असं म्हणणाऱ्याने हे पाहिलेलं नसणार.

इथपर्यंतचं मी कुठल्याही कॉलेजात सांगू शकलो असतो, सांगतोही. इथे मला दुसरं एक सांगायचं होतं, म्हणून मी बोलायला हो म्हटलं.

डिप्लोमा झाल्यावर मी एका साखर कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. कोणता ते विचारू नका, आपल्या पंचक्रोशीत दोन-चार आहेत. १९८४-८५ चा गळीत हंगाम. माझ्याकडे बॉयलर विभागाची देखभाल होती. तिथे आय. डी. फॅन असतो, बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा मोठा पंखा. तो बंद पडला की बॉयलरला ओढ मिळत नाही, वाफ पडते आणि मिल थांबते. त्याच्या बेअरिंगजवळ उष्णता फार, म्हणून तिथे साबणाचं नाही तर बेंटोन मातीच्या आधारावर बनवलेलं ग्रीज वापरत. माती वितळत नाही, म्हणून ते गरम जागी चालतं.

जानेवारीत ते ग्रीज स्टोअरमध्ये संपलं. लिथियमचे डबे मात्र भरपूर होते. मी नुकतंच कुठल्यातरी माहितीपत्रकात वाचलं होतं की लिथियम ग्रीज सगळ्या कामांना चालतं. त्या बेअरिंगचं तापमान मी मोजलं, लिथियमच्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. इथपर्यंत माझं बरोबर होतं. मी ऑइलमनला सांगितलं, उद्यापासून इथे हे भरा.

ऑइलमन पन्नाशीचे होते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. हंगामी कामगार. घरी बैलगाडी होती, स्वतःची. ते म्हणाले, "साहेब, आधीचं काढून टाकू का? गाडीच्या आखाला नवं वंगण घालायच्या आधी आम्ही जुनं चिंधीनं पुसून काढतो. दोन वंगणांचं जमत नाही." मी म्हणालो, "तात्या, ही बैलगाडी नाही. पंखा थांबवायला वेळ नाही. वरून गन मारा, जुनं आपोआप बाहेर येईल."

मी बावीस वर्षांचा होतो. बैलगाडी नाही, हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं जमलंय असं वाटलं होतं.

लिथियमच्या साबणाचे तंतू आणि बेंटोन मातीच्या पापुद्र्यांची जाळी ही तेल धरण्याची दोन वेगळी तंत्रं आहेत. ती एकत्र आली की बऱ्याचदा एकमेकांची पकड सोडवतात. दोन्ही ग्रीज स्वतंत्रपणे उत्तम असतात, मिश्रण मात्र पातळ होतं. चौथ्या दिवशी बेअरिंगच्या सीलखालून तपकिरी ओघळ येऊ लागले. तात्यांनी मला दाखवले. मी म्हटलं, जास्त झालेलं बाहेर पडतंय. सहाव्या दिवशी रात्रपाळीत बेअरिंग कोरडं पडलं, लाल झालं आणि जाम झालं.

मिल चौदा तास बंद राहिली. यार्डात बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. तोडलेल्या उसाचं वजन दर तासाला घटतं, त्यातली साखर उतरते, आणि वजन तर काट्यावर गेल्यावरच होतं. बैलांना पाणी आणायला लोक बादल्या घेऊन पळत होते. त्या रांगेत आपल्या वर्गातल्या दोघांच्या घरचा ऊस होता. त्यातला एक समोर पहिल्या रांगेत बसलाय आणि आजच्या जेवणाचा निम्मा खर्च त्याने उचललाय, तेव्हा माझा अंदाज आहे की त्याला हे आत्ताच कळतंय.

चौकशी झाली. अहवालात आलं की ऑइलमनने वेळेवर ग्रीज भरलं नाही. बेअरिंग उघडलं तेव्हा आत काहीच नव्हतं, म्हणजे भरलंच नसणार, असा सरळ हिशोब. मला विचारलं. मी म्हणालो, माझ्या सूचना दिल्या होत्या. हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. तात्यांना आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं, आणि परत आल्यावर ऑइलमनचं काम काढून गव्हाणीवर पाठवलं, मोळ्या ओढायला. ज्या माणसाला प्रत्येक बेअरिंगचा आवाज ओळखू यायचा, त्याला.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली आणि एका वंगण कंपनीत लागलो. तिथल्या प्रयोगशाळेत ग्रीजचा घट्टपणा मोजतात, तो असा. ग्रीज २५ अंशांवर ठेवायचं, यंत्रात साठ वेळा घोटायचं, मग त्यात एक ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडायचा. तो मिलिमीटरच्या किती दशांश खोल गेला, तो आकडा. नेहमीच्या दोन नंबरच्या ग्रीजचा आकडा २६५ ते २९५. एका दुपारी मी तिथल्या केमिस्टला म्हटलं, मला एक बघायचंय. बेंटोन आणि लिथियम निम्मं-निम्मं मिसळलं. वेगवेगळी असताना दोन्ही २८० च्या आसपास होती. मिश्रण घोटून शंकू सोडला तर ३६० च्या पुढे गेला. केमिस्टला त्यात नवल वाटलं नाही. त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला, कोणतं ग्रीज कशात मिसळू नये याचा. तिथे त्या चौकटीत फुली होतीच. म्हणाला, "दर वेळी होतंच असं नाही, ब्रँडवर असतं. पण साफ केल्याशिवाय कधी भरायचं नाही."

मला हे आधीपासून कळलं होतं का? ते ओघळ दिसले तेव्हाच कुठेतरी कळलं होतं, असं आज वाटतं. पण आकडा समोर आल्यावर सबब उरली नाही. तरीही तात्यांच्या घरी जायला मला आणखी चार वर्षं लागली. १९९१ च्या मे महिन्यात गेलो. ते ओट्यावर बसले होते. बसा साहेब म्हणाले, चहा सांगितला. मी सगळं बोललो, शंकूचा आकडासुद्धा सांगितला, जणू त्याने माझी बाजू काही सावरणार होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मोठ्या साहेबांना सांगितलंत?"

मी म्हणालो, "नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि चीफ इंजिनिअरना लेखी दिलं. ते तेच होते, निवृत्तीला आले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, म्हणाले, तेव्हाच बोलायचं होतंस, आणि फाइलला लावला. पुढच्या हंगामात तात्या पुन्हा ऑइलमन झाले. दोन हंगाम काम करून ते थांबले. मधले सगळे हंगाम गव्हाणीवर गेले ते गेले. ते आता नाहीत. त्यांच्या घरी मी जातो अधूनमधून.

हॉल फारच शांत झालाय, तेव्हा थोडं आजचं सांगतो. हल्ली लिथियम म्हटलं की सगळ्यांना बॅटरी आठवते, आणि मला नातवंडांच्या मित्रांना समजावून सांगावं लागतं की आम्ही त्यात आधीपासून होतो. एक किलो ग्रीजमध्ये दहा टक्के साबण धरला तर त्यात लिथियम जेमतेम सव्वादोन ग्रॅम असतं. विजेवरच्या एका मोटारीच्या बॅटरीत, समजा, सात किलो असलं, तर तेवढ्यात तीन टन ग्रीज बनेल. आमची गरज इतकी चिमूटभर. पण चिलीच्या खाऱ्या पठारावरून आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणीतून येणारा माल बॅटरीवाल्यांनी उचलायला सुरुवात केली, आणि २०२१-२२ मध्ये लिथियम हायड्रॉक्साइडचा भाव कित्येक पटींनी चढला. २०२३ मध्ये तो तितक्याच वेगाने कोसळला. त्या दोन वर्षांत कितीतरी कारखाने कॅल्शियम सल्फोनेट आणि पॉलियुरिया या दुसऱ्या वाटांकडे वळले. दोन्ही उत्तम ग्रीज आहेत. पण याचा अर्थ असा की ज्या बेअरिंगमध्ये वीस वर्षं लिथियम होतं, त्यात आता दुसरंच काहीतरी भरलं जाणार आहे. आणि पंखा थांबवायला वेळ नाही असं म्हणणारा बावीस वर्षांचा कोणीतरी आजही प्रत्येक कारखान्यात असतो.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण सकाळी नाश्त्याच्या वेळी तिघांनी विचारलं. पहिली, ग्रीजचा रंग बघून काही ठरवू नका. निळं, लाल, पिवळं, हा नुसता रंग घातलेला असतो, आत कोणता साबण आहे ते त्यावरून कळत नाही. डब्यावरचं वाचा, नाही समजलं तर दुकानदाराला विचारा, त्यालाही नाही समजलं तर मला फोन करा. दुसरी, वेगाने फिरणारं बेअरिंग ठासून भरू नका. आतल्या मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते निम्मी जागा पुरे. ठासून भरलं तर ग्रीज स्वतःच घुसळलं जाऊन तापतं. आणि जुनं पुसून काढा, चिंधीने चालेल.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी तीन डब्या ठेवल्यात. एकीत लिथियम आहे, एकीत बेंटोन, आणि तिसरीत काल रात्री घरी घोटलेलं दोन्हींचं मिश्रण. तिन्ही बोटाने चोळून बघा, बाई, तुम्हीसुद्धा, याने हाताची सालं निघत नाहीत. फक्त तिसरी डबी कोणी आडवी करू नका. सतरंजी शाळेची आहे.